चौघांनी उचलावी अशी होडी

मोठ्या बोटीसोबतची छोटी होडी निवडताना दर्यावर्दी आधी बघतात, ती बोटीवर चढवता-उतरवता येईल का. कर्जत-खालापुरात समुद्र नाही, पण पुरासाठी तालुक्याला फायबरची होडी घ्यायची तर हीच कसोटी लावायला हवी. इथे मोठ्या बोटीच्या जागी टेम्पो आहे. तो थांबतो तिथून पुढे बांध, चिखल आणि फार्महाऊसची कुंपणं ओलांडत होडी हातांवरच न्यावी लागते. म्हणून मागणीपत्रात लांबी आणि अश्वशक्तीच्या आधी 80 किलो हा आकडा लिहावा. चौघांच्या वाट्याला 20-20 किलो, इंजिन वेगळं.

रबरी बोटच का नको, हा आक्षेप खरा आहे. 27 जुलै 2019 ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तेव्हा एनडीआरएफच्या जवानांनी रबरी बोटी आणूनच लोकांना सोडवलं. गाडीत सुमारे 1,050 प्रवासी होते. एका खेपेला दोघं-तिघं नेणाऱ्या होडीचं ते कामच नव्हे. पण एनडीआरएफच्या पाचव्या बटालियनचा तळ पुणे जिल्ह्यात सुदुंबऱ्याला, म्हणजे बोरघाटापलीकडे, आणि दरडी कोसळतात त्या ऐन पावसातच. उल्हास सह्याद्रीच्या कुशीतून थेट खाली येते, त्यामुळे पाणी चढायला वेळ लागत नाही. पथक पोचेपर्यंत एखाद्या घरातल्या दोन म्हाताऱ्या माणसांना काढायचं आहे, ते गावातल्या पोरांना. आठ महिने गोदामात घडी होऊन पडलेल्या रबराला उंदीर लागतात, उन्हाळ्यात जोड सुटतात, आणि हे कळतं हवा भरायला घेतल्यावर. शिवाय पुराच्या पाण्याखाली काटेरी तारा, बांबूचे खुंट, काळा खडक. फायबरलाही भोक पडतं, पण बाकांखाली फोम भरलेला असेल तर ती होडी बुडत नाही, आणि फायबर सांधणारे हात उरण-अलिबागच्या किनाऱ्यावर सापडतात.

80 किलोत साधारण 3 मीटर लांब आणि 1.4 मीटर रुंद होडी बसते. तिच्यात 75 किलोचा एक माणूस चढला की ती अडीच सेंटिमीटरच्या आसपास खाली जाते. चौघं बसले तर 10 सेंटिमीटर. आकडा लहान वाटतो, पण सगळे एका बाजूला झुकले तर हिशेबच मोडतो. कडक तळाच्या लहान होडीचा खरा दोष हाच, आणि तो झाकून चालणार नाही. बुडणाऱ्याला बाजूने ओढू नये; इंजिन बंद करून मागच्या काठावरून घ्यावं. हे हाताला वळण लागल्याशिवाय जमत नाही. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून 1922 पासून सुटणाऱ्या पाण्यामुळे पेज नदी उन्हाळ्यातही वाहती असते, तेव्हा सरावाला जूनची वाट पाहायचं कारण नाही. जिथे पाणी खडकांतून उसळतं, तिथे मात्र होडी घालूच नये, काठावरून दोर फेकावा.

पैसे देण्याआधी होडी डोहात नेऊन काठोकाठ पाण्याने भरावी आणि चौघांनी बाहेरून तिचा काठ धरून लोंबकळावं. तरीही ती तरंगली, आणि पाणी उपसून त्याच चौघांना टेम्पोपर्यंत परत नेता आली, तरच बिलावर सही करावी.