एआयकडून बिझनेस ईमेल कसे लिहून घ्यायचे? (आणि मी कुठे फसले)

व्हिडिओत स्क्रीनवर जे दाखवलं ते इथे सविस्तर लिहितेय, म्हणजे प्रॉम्प्ट कॉपी करता येईल. पण आधी माझी फजिती ऐका.

माझं पॅकेजिंग मटेरियलचं दुकान आहे. एका कंपनीला फाइव्ह प्लायचे ६०० बॉक्स दिले होते, ४२ रुपये नग. पावसाचे दिवस, ताडपत्री नीट बांधली नव्हती, ३८ बॉक्स ओले निघाले. कंपनीचा तक्रारीचा मेल आला तेव्हा काउंटरवर गर्दी होती. मी तो मेल एआयला दिला आणि म्हटलं, "याला छान उत्तर लिही." खरंच छान लिहिलं! वरच्या दोन ओळी वाचल्या आणि पाठवून दिलं.

संध्याकाळी परचेसवाल्यांचा फोन. "मॅडम, बदली माल परवा येतोय ना? आणि पुढच्या ऑर्डरला १० टक्के डिस्काउंट?" मी उडालेच. मेल उघडला तर खाली स्वच्छ लिहिलेलं, सगळा लॉट ४८ तासांत मोफत बदलून देऊ आणि पुढच्या ऑर्डरवर १० टक्के सूट देऊ. यातलं एक अक्षरही मी सांगितलं नव्हतं. ते बॉक्स त्यांच्या मापाने बनवून घ्यावे लागतात, ४८ तासांत कुठून आणणार? हातापाया पडून ३८ बॉक्सवर मिटवलं, पण सूट द्यावीच लागली. १,५९६ रुपयांचं नुकसान होतं, ते ४,११६ वर गेलं. छोटा हत्तीचं भाडं वेगळंच.

असं का होतं ते समजून घ्या. एआयला तुमचा स्टॉक, तुमचं मार्जिन, तुमचा सप्लायर यातलं काहीच माहीत नसतं. त्याने असंख्य पत्रं वाचलेली आहेत आणि माफीच्या पत्रात साधारण काय येतं ते त्याला ठाऊक आहे: दिलगिरी, मग बदली माल, मग थोडी सूट. तुम्ही जागा मोकळी सोडली की तो ती अशा नेहमीच्या वाक्यांनी भरतो. तो खोटं बोलत नाही, पण खिसा तुमचा असतो. आणि "मेलच तर आहे" असं समजू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १०-अ नुसार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झालेला करार केवळ त्या कारणाने रद्द ठरत नाही.

म्हणून आता मी आधी मुद्दे लिहिते, तेही आपल्या मराठीत, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो तसे. मग हा प्रॉम्प्ट:

"खाली ग्राहकाचा मेल आणि माझे मुद्दे आहेत. फक्त या मुद्द्यांवरून साध्या इंग्रजीत उत्तर लिही. मी न दिलेली तारीख, रक्कम, सूट किंवा आश्वासन टाकू नको. काही माहिती कमी वाटली तर लिहिण्याआधी मला विचार. माझे मुद्दे: ३८ बॉक्स ओले होते, चूक आमची. तेवढेच ३८ बदलून देणार. माल तयार व्हायला ६ दिवस. बाकी ५६२ बॉक्सचं बिल ठरलेल्या तारखेला हवं."

फरक करून बघा. "लिहिण्याआधी मला विचार" या वाक्याने तर कमाल होते. एकदा त्याने मला विचारलं, जुने ओले बॉक्स परत नेणार का? हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

आता ज्यांचं इंग्रजी माझ्यासारखं कामचलाऊ आहे त्यांच्यासाठी. ड्राफ्ट आला की म्हणा, "याचं ओळीला ओळ मराठी कर." "पाठवू" आणि "पाठवायचा प्रयत्न करू" यातला फरक मराठीत लगेच टोचतो, इंग्रजीत निसटतो. मग फक्त आकडे, तारखा आणि "आम्ही देऊ" असली वाक्यं बोट ठेवून वाचा. जीमेलच्या सेटिंगमध्ये सेंड अनडू ३० सेकंदांवर ठेवा. मला आठवतो तो आकडा बहुतेक वेळा सेंड दाबल्यावरच!

उधारी वसुलीच्या मेलमध्ये जास्त सांभाळा. मी एकदा रिमाइंडर लिहायला सांगितलं, तर त्याने ठणकावून लिहिलं की एमएसएमई कायद्याप्रमाणे ४५ दिवसांत पैसे द्या, नाहीतर व्याज लागेल. ऐकायला भारी वाटतं. पण तो नियम माल बनवणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी आहे. आपण घेऊन विकणारे. २ जुलै २०२१ च्या परिपत्रकाने व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळाली, पण फायदा प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरताच. समोरच्या कंपनीच्या अकाउंटंटला हे माहीत असतं. तो मेल गेला असता तर हसं झालं असतं. कायद्याचं वाक्य आलं की ते खोडा, नाहीतर सीएला विचारा.

लांबलचक मेलसाखळीचा सारांश मात्र एआयकडून जरूर घ्या, "यात माझ्याकडून काय मागितलंय तेवढंच सांग" असं म्हणून. पीओची पीडीएफ तरीही स्वतः उघडायची. माप, प्लाय, नग, डिलिव्हरीचा पत्ता. त्याला पाच मिनिटं लागतात.

आणि दोन गोष्टी एआयवर सोडायच्याच नाहीत. मेल पेस्ट करताना बँक खाते नंबर, पॅन, लोकांचे मोबाईल नंबर आधी पुसा. आणि "आमचं बँक खातं बदललंय, आता इथे पैसे टाका" असा सप्लायरचा मेल आला तर तो खरा की खोटा हे एआयला विचारत बसू नका. मेलमधल्या नंबरवर नाही, तुमच्या फोनमध्ये आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर फोन लावा, आणि त्यांचा आवाज ऐकल्यावरच पैसे सोडा.