रुग्णपत्रकातील पोटप्रश्नांची मांडणी

चरकसंहितेच्या विमानस्थानातील दशविध परीक्षेत आहारशक्तीची परीक्षा अभ्यवहरणशक्ती व जरणशक्ती अशा दोन अंगांनी करावयास सांगितली आहे. प्रश्नाच्या पोटात प्रश्न असणे आपल्या शास्त्राला नवे नाही. कागदावर मात्र ही उतरंड बहुधा सपाट होते. रुग्णपत्रकांत व शिबिरांतील सर्वेक्षणपत्रकांत सर्व उत्तरे सारख्याच समासात, एकाखाली एक आलेली आम्हांस अनेकदा दिसतात.

याचा परिणाम चिकित्सेवर होतो. ‘मलावष्टंभ आहे काय?’ होय. ‘रेचक घेता काय?’ होय. ‘कितीदा?’ रोज. यांतील ‘रोज’ हे उत्तर घाईत मलावष्टंभाचे म्हणून वाचले गेल्यास कोष्ठ क्रूर समजून विरेचनाची मात्रा वाढविली जाण्याचा संभव असतो. वस्तुतः रुग्ण आधीच नित्य रेचक घेत असतो.

यासाठी पुढील पथ्ये पाळावीत, असे आम्ही सुचवितो :

१) मुख्य प्रश्न ठळक अक्षरांत व समासालगत असावा. पोटप्रश्न एक बोट आत सरकवून ४, ४.१, ४.१.१ असे क्रमांक द्यावेत. तीनपेक्षा अधिक पायऱ्या करू नयेत; मोबाइलच्या अरुंद पडद्यावर त्या वाचता येत नाहीत.

२) ‘नाही असल्यास प्रश्न ५ पाहा’ ही सूचना त्या उत्तराशेजारीच छापावी.

३) ‘नाही’, ‘लागू नाही’ व ‘विचारले नाही’ यांसाठी वेगळ्या खुणा असाव्यात. रिकाम्या चौकटीवरून यांतील काहीच निश्चित होत नाही.

४) मुख्य प्रश्न एका पानावर व त्याचे पोटप्रश्न दुसऱ्या पानावर जाऊ देऊ नयेत.

शिबिराचा तक्ता मांडताना प्रत्येक टक्केवारीचा आधार लिहावा. समजा, २०० रुग्णांपैकी ८० जणांस मलावष्टंभ आहे व त्यांतील ६० जण रेचक घेतात. हे प्रमाण त्या ८० जणांत ७५ टक्के, तर सर्व रुग्णांत ३० टक्के भरते. आधार न लिहिल्यास दोन्ही आकडे दिशाभूल करतात.

औषधविक्रेत्यांनीही ‘अन्य औषधे चालू आहेत काय?’ या प्रश्नाखाली नाव, मात्रा व कालावधी असे तीन रकाने ठेवावेत. ग्राहक रक्त पातळ ठेवणारे किंवा मधुमेहाचे औषध घेत असल्यास नुसत्या ‘होय’ने वैद्यास काहीच बोध होत नाही. औषधाच्या संशयित दुष्परिणामाची माहिती कळवितानाही हेच तपशील लागतात.

नवे पत्रक छापण्यापूर्वी ते भरून सहकाऱ्यास वाचावयास द्यावे. त्यास एकही उत्तर कोणत्या प्रश्नाचे, असे विचारावे लागले, तर मांडणी पुन्हा करावी.