भिंतीला टेकलेल्या टाकीमागचा उजेड

माशांची काचेची टाकी घरात काय किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत काय, बहुधा भिंतीला टेकवूनच ठेवावी लागते. मागे उरते जेमतेम बोटभर फट. मागून सौम्य उजेड मिळाला तर पाणवनस्पतींची पाने सुरेख दिसतात. पण एवढ्याशा जागेत दिवा बसवायचा कसा?

मागच्या काचेवरच एलईडीची पट्टी चिकटवली, तर दिसतात ते नुसते ठिपके. मीटरला ६० दिवे असलेल्या पट्टीत दोन दिव्यांमधले अंतर सुमारे १.७ सेंटिमीटर असते. उजेड एकसारखा पसरायचा, तर दिवे आणि बटर पेपर यांच्यात साधारण तेवढे तरी अंतर हवे. फट त्याहून लहान असेल, तर दिवे मागे न ठेवता कडेला न्यावेत.

५ मिलिमीटर जाडीचा पारदर्शक ॲक्रिलिकचा तक्ता घ्या आणि त्याच्या वरच्या कडेला पट्टी बांधा. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक १.४९. हवेतून कडेत शिरलेला किरण स्तंभिकेकडे इतका वळतो, की तिच्याशी त्याचा कोन ४२ अंशांपलीकडे जात नाही. म्हणजे तक्त्याच्या पुढच्या-मागच्या पृष्ठभागांवर तो किमान ४८ अंशांच्या आपाती कोनाने पडतो. क्रांतिक कोन तर ४२ अंशच! तेव्हा किरण आतल्या आत परावर्तित होत राहतो. हवा तिथे त्याला बाहेर काढायचे, तर तक्त्याच्या मागच्या बाजूस पांढऱ्या रंगाचे ठिपके द्यावेत. पट्टीजवळ विरळ, खाली दाट. ठिपक्यांवर प्रकाश विखुरतो आणि पुढून बाहेर पडतो. लॅपटॉपच्या पडद्यामागे हीच युक्ती असते.

यात एक मेख आहे. तक्ता आणि टाकीची काच यांच्यात पाणी झिरपले, की तेथला क्रांतिक कोन ६३ अंशांवर जातो. ४८ ते ६३ अंशांमधले किरण मग थेट टाकीत निसटतात. बरे, ते आपल्याला दिसतही नाहीत. पुढच्या काचेवर त्यांचेच पूर्ण आंतरिक परावर्तन होते आणि ते तळाकडे जातात. तक्त्याचा खालचा भाग मात्र मंदावतो. हा फरक विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवण्याजोगा आहे. एरवी चारही कोपऱ्यांत प्लास्टिकचे पातळ तुकडे ठेवून हवेची फट राखावी. वीजपुरवठा १२ व्होल्टच्या अडॅप्टरमधून घ्यावा आणि वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत पोहोचू नये म्हणून ती त्याच्या खाली झोळ देऊन आणावी.

आता माशांविषयी. केवळ मागून उजेड असेल तर मासे काळ्या आकृत्यांसारखे दिसतात, कारण त्यांचे रंग आपल्या बाजूने पडलेल्या प्रकाशातच खुलतात. शिवाय मासा आपली पाठ प्रकाशाकडे ठेवू पाहतो. जर्मन शास्त्रज्ञ एरिख फॉन होल्स्ट यांनी १९३५ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाजूने प्रकाश पडला की मासा तिकडे कलतो. पूर्ण आडवा होत नाही, कारण कानातले तोलाचे इंद्रिय त्याला सावरते. ते इंद्रिय काढून टाकलेले मासे मात्र पाठ थेट दिव्याकडे करून पोहू लागले. म्हणून वरचा दिवा नेहमी मागच्यापेक्षा प्रखर असावा. मासे भिंतीकडे पाठ कलवून पोहताना दिसले, तर मागचा उजेड लगेच कमी करावा.