रिकाम्या कोंबडीला काम द्या

परसात पाच-सहा कोंबड्या पाळणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. खाद्याचं भांडं भरलेलं, पाणी स्वच्छ, वर पत्रा, चारी बाजूंना जाळी, तरी एखादीच्या शेपटीच्या बुडाची पिसं उपटली जाऊन लाल कातडी उघडी पडते. कुणी उष्णतेला दोष देतं, कुणी कॅल्शियमची बाटली सुचवतं. कोंबडीला कंटाळा आला असेल, असं म्हटलं की मात्र लोक हसतात. कंटाळा ही माणसांची चैन, कोंबडीला कसला कंटाळा! दुसऱ्या टोकाला हौशी मंडळी असतात. ती कंटाळा लगेच मान्य करतात आणि तितक्याच लगेच झोपाळा, आरसा, घुंगरांचे चेंडू मागवतात. माझ्या मते दोघंही एकाच जागी चुकतात. कोंबडीचा दिवस मुळात कशात जातो, हे दोघांनीही नीट पाहिलेलं नसतं.

तो दिवस अन्न शोधण्यात जातो. घरच्या कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा, बांबूच्या बेटांत आणि जंगलाच्या कडेला पाचोळा उकरून जगणारा पक्षी. (आपल्या सह्याद्रीत दिसतो तो करडा रानकोंबडा, त्याचा भाऊबंद. कोंबडीच्या पिवळ्या कातडीचं जनुक या भाऊबंदाकडून आलं असावं, असं २००८ सालच्या संशोधनात दिसून आलं.) प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक मॅरियन स्टॅम्प डॉकिन्स यांनी प्राणिसंग्रहालयात मोकळ्या वावरणाऱ्या लाल रानकोंबड्यांची निरीक्षणं १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. या पक्ष्यांना खाद्य नियमित मिळत होतं. तरी त्यांच्या वावराच्या सुमारे ६० टक्के मिनिटांत त्या जमिनीवर चोच मारताना आढळल्या. पाळीव कोंबड्यांवरच्या प्रयोगांतही असंच दिसतं: शेजारी फुकटचं धान्य भरलेलं असताना त्या थोडी खटपट करून मिळणारं धान्यही खातात. परसातल्या कोणत्याही कोंबडीकडे पाच मिनिटं निवांत पाहावं. एका पायाने झटका, दुसऱ्याने झटका, कधी पुन्हा पहिल्याने. मग एक पाऊल मागे. मग मान तिरकी करून एका डोळ्याने उकरलेली जागा न्याहाळायची आणि नेमकी चोच मारायची. काही हाती लागो न लागो, पुन्हा झटके सुरू. भांड्यातलं भुकटी खाद्य थोड्या वेळात पोटात जातं, पायांतली ही ओढ मात्र दिवसभर तशीच शिल्लक राहते.

ही ओढ कुठे जाते, हे त्या उघड्या कातडीवरून कळतं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यातला हा प्रकार. उकरायला जमीन नसली की चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. पिसं उपटण्याचा हा चाळा म्हणजे वाट चुकलेलं दाणे टिपणंच आहे, हा विचार हॅरी ब्लोखाउस या डच संशोधकांनी १९८०च्या दशकात मांडला आणि पुढच्या अभ्यासांत त्याला बराच आधार मिळाला. एकदा रक्त दिसलं की इतर कोंबड्याही तिथेच टोचतात, म्हणून जखमी कोंबडी ताबडतोब वेगळी काढायला हवी. अर्थात प्रत्येक उपटलेल्या पिसाचं खापर कंटाळ्यावर फोडू नये. खाद्यात प्रथिनं किंवा मीठ कमी असणं, उवा, दाटी, वर्षाकाठची पिसगळ, ही कारणं आधी तपासावीत. ती सगळी ठीक असूनही चाळा थांबत नसेल, तर काम कमी पडतंय असं समजावं. चोच छाटणं हा त्यावरचा उपाय नव्हे. चोचीच्या टोकाला मज्जातंतूंचं दाट जाळं असतं. छाटल्यावर दुखतं, आणि टोचण्याचं कारण होतं तिथेच राहतं.

काम द्यायचं म्हणजे काय, हे आपल्या गावांना शिकवावं लागत नाही. उकिरडा असलेल्या घरची कोंबडी कधी रिकामी बसलेली दिसत नाही. प्रश्न आहे तो उकिरड्याचे गुण त्याच्या धोक्यांशिवाय खुराड्यात कसे आणायचे हा. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे खुराड्याच्या जमिनीवर भाताचं तूस किंवा कोरडा पाचोळा वीतभर पसरायचा आणि रोज दुपारी त्यात मूठभर ज्वारी, बाजरी किंवा मक्याचा भरडा उधळायचा. मूठभर म्हणजे खरंच मूठभर. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाते. हा वरचा खाऊ त्याच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे गेला तर प्रथिनं आणि कॅल्शियम कमी पडतात, चरबी वाढते आणि अंडी घटतात. पालकाची किंवा मुळ्याच्या पाल्याची जुडी, कोबीचा गड्डा कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर टांगला की टोचण्यात बराच वेळ जातो. दाणे आणि पाला दोन-तीन जागी विभागून ठेवावा, नाहीतर दांडगी कोंबडी सगळं अडवून बसते आणि दुबळी आणखी मार खाते. नवी वस्तू खाद्याच्या भांड्यापासून लांब ठेवावी, कारण कोंबड्या अनोळखी गोष्टीला बिचकतात आणि त्या भीतीने खाणंही टाळतात.

सुरक्षिततेचा भाग इथून सुरू होतो आणि बहुतेक लोक इथेच घसरतात. कोंबडीला दात नाहीत, हात नाहीत. वस्तू काय आहे हे ती चोचीने पाहते, आणि अनेकदा गिळूनच टाकते. थर्माकोल तर ती आवडीने खाते. कांद्याच्या प्लास्टिक जाळीत पाला भरून टांगण्याची युक्ती बरेच जण करतात. पण त्या जाळीत नखं आणि डोकं अडकतं आणि सुटलेले धागे पोटात जातात. सुतळी किंवा नायलॉनचा दोरा पायाला गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा थांबून बोट गळून पडतं. लांबट वाळलेलं गवत अन्नपिशवीत गोळा होऊन ती तुंबते. खिळा किंवा तारेचा तुकडा गिळला तर आतून इजा होते. म्हणून टांगायचं ते आखूड, जाड दोरीने, सैल टोक न ठेवता. बुरशी धरलेली शेंगदाणा पेंड किंवा ओलसर मका नकोच, त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष यकृतावर जातं. कच्चा राजमा, हिरवट बटाट्याची सालं, खारट उरलंसुरलं यांनाही मज्जाव. वाळवी जरूर खायला घालावी, पण ज्या वारुळावर औषध मारलंय तिथली मुळीच नाही. मेलेल्या जनावरावरच्या अळ्यांतून बोट्युलिझम ही अंग लुळं पाडणारी विषबाधा होते. तूस किंवा पाचोळा पावसाळ्यात ओला राहिला तर अमोनियाचा वास सुटतो, रक्ती हगवण पसरते आणि पिल्लं मरतात. कोकणातल्या जुलैत तो रोज हलवणं आणि ओला झालेला लगेच काढणं हाही या कामाचाच भाग आहे.

धुळीची अंघोळ ही दुसरी गरज, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. साधारण एक दिवसाआड, बहुधा दुपारच्या सुमाराला, कोंबडी मऊ मातीत बसते. चोचीने माती अंगाकडे ओढते, पंख फुलवून ती पिसांत उडवते, एका कुशीवर लोळते, डोकं घासते आणि शेवटी उठून सगळं झटकते. यात वीस-तीस मिनिटं सहज जातात. पिसांवर साठलेलं जुनं तेल धूळ शोषून घेते आणि उवाही कमी होतात. माती नसेल तर तारेच्या नुसत्या जाळीवरही कोंबडी हीच सगळी क्रिया करते. पसरट पाटीत बारीक माती, वाळू आणि चाळलेली थोडी राख एवढं पुरतं. राख लाकडाची आणि कोरडीच हवी, कारण ओली राख कातडी भाजते. सिमेंट, कळीचा चुना किंवा शेतातली कीटकनाशक पूड त्यात मिसळू नये.

एवढ्या उठाठेवीपेक्षा मोकळं सोडलं तर काय बिघडलं, हा आक्षेप बिनतोड वाटतो. जिथे जमेल तिथे संध्याकाळी तास-दोन तास जरूर सोडावं, अंधार पडताना त्या आपणहून परततात. पण मुंगूस, शिक्रा आणि भटकी कुत्री गावातही आहेत, शेजाऱ्याची मेथीही आहे आणि गच्चीवरच्या खुराड्याला परसच नाही. शिवाय २००६ च्या फेब्रुवारीत नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. तेव्हापासून साथ आली की पक्षी कोंडून ठेवावे लागतात आणि कंटाळा तेव्हाच सर्वाधिक वाढतो. उकरण्यात शक्ती खर्च होऊन अंडी कमी होतील, ही भीती उलटी आहे. पिसं गेलेली कोंबडी अंगातली ऊब राखण्यासाठी जास्त खाते, तो खर्च उकरण्याच्या खर्चाहून मोठा आहे.

तेव्हा खेळणी मागवायच्या आधी परसात आणि खुराड्यात एक चक्कर मारा. खिळे, दोरे, थर्माकोल, फुटक्या काचा वेचून काढा, आणि मगच पाचोळ्याचं पोतं आत रिकामं करा.