बोली एक, बिल दुसरे

कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने जुन्या नाण्यांच्या आणि तिकिटांच्या लिलावावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण हा छंद केवळ श्रीमंतांचा आहे ही समजूत चुकीची आहे. मालवण, वेंगुर्ले, देवगड या पट्ट्यातील कितीतरी माणसे जहाजांवर खलाशी होती, कितीतरी मुंबईच्या गिरण्यांत होती. खलाशाने देशोदेशीची नाणी आणली, मुलांनी पाकिटांवरची तिकिटे जपली, आजीच्या पेटीत शिवराई राहिली, सावंतवाडीकडच्या एखाद्या घरी गंजिफांचा डबा राहिला. आज हीच माणसे किंवा त्यांची मुले हातातल्या फोनवरून लिलावात बोली लावतात. आणि मग आमच्याकडे येऊन विचारतात, “बोली घातलंय चार हजाराची, आणि बिल इला पाच हजाराच्या वर, ह्या कसा?” हा प्रश्न पगाराची चिठ्ठी हातात धरून विचारलेल्या प्रश्नाचाच सख्खा भाऊ आहे. म्हणून त्याचे उत्तर देणे आम्ही आमचे काम समजतो.

लिलाव आपल्याला नवा नाही. देवळात देवापुढच्या नारळा-केळ्यांची पावणी होते. किनाऱ्यावर होडी लागली की मासळीचा लिलाव होतो. तिथे माल डोळ्यांसमोर असतो, बोली करणारा समोर असतो, आणि पैसे कोण देणार, कधी देणार हे सगळ्या गावाला ठाऊक असते. कोणी उगीच भाव चढवू लागला तर दुसऱ्या दिवशी त्याचे नाव निघते. ऑनलाइन लिलावात या तिन्ही गोष्टी नाहीशा होतात. मालाचे फक्त चित्र दिसते, प्रतिस्पर्ध्याचे फक्त टोपणनाव दिसते, आणि हातोड्याच्या जागी घड्याळ येते. लोकांची बहुतेक गाऱ्हाणी या तीन बदलांतून जन्मलेली आहेत.

प्रथम बोलीचे यंत्र समजून घेऊ. बहुतेक ठिकाणी आपण आपली कमाल रक्कम आधी लिहून ठेवू शकतो. समजा, आपण 5,000 रुपये लिहिले. यंत्र ती रक्कम लगेच लावत नाही. दुसऱ्या कोणाची कमाल रक्कम 3,000 असेल आणि बोलीचा टप्पा 100 रुपयांचा असेल, तर यंत्र आपल्या वतीने 3,100 वर थांबते. ही पद्धत नीट चालली तर वाईट नाही. पण पुष्कळांना वाटते की आपण बोली लावताच लगेच कोणीतरी वर जातो, म्हणजे फसवणूकच. तसे नेहमी नसते. त्या माणसाची कमाल रक्कम आधीच नोंदलेली असते, आणि यंत्र क्षणात उत्तर देते.

दुसरी चिडचीड शेवटच्या सेकंदाची. काही लिलाव ठरल्या क्षणी बंद होतात, तेव्हा टपून बसलेला माणूस अखेरच्या घटकेला बोली टाकून वस्तू नेतो. काही लिलावांत शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप लांबते. दोन्ही नियम चालू शकतात. पण कोणता नियम लागू आहे हे न वाचता उतरणे म्हणजे भरती-ओहोटी न पाहता होडी लोटणे होय. यावर उपाय एकच. आपली खरी कमाल रक्कम शांत डोक्याने, आदल्या दिवशी कागदावर लिहावी आणि ती ओलांडू नये. ईर्ष्येने चढवलेली बोली यंत्राची चूक नसते.

मात्र फसवणूक असतच नाही असे आम्ही म्हणत नाही. 2000 साली अमेरिकेत एका चित्रावर ऑनलाइन बोली 1,35,805 डॉलरपर्यंत गेली. मागाहून उघड झाले की विक्रेत्यानेच निराळ्या नावांनी बोली लावल्या होत्या, आणि चित्रावरची सहीही बनावट होती. आपल्याकडे यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. 1930 च्या वस्तुविक्री कायद्यात लिलावाचे कलम आहे. त्याचे सार असे: हातोडा पडेपर्यंत किंवा विक्री पूर्ण झाल्याची रीतसर खूण होईपर्यंत बोली करणारा आपली बोली मागे घेऊ शकतो. विक्रेत्याला स्वतः बोली करायची असेल तर त्याने ते आधी उघड सांगितले पाहिजे. आणि भाव चढवण्यासाठी खोटी बोली लावली गेली असेल तर खरेदीदाराला ती विक्री रद्द ठरवता येते. अडचण कायद्याची नसून पुराव्याची आहे. म्हणून बोलीचा इतिहास दाखवणारा पडदा, वेळेसह, फोनमध्ये टिपून ठेवावा.

आता बिलाकडे वळू. लिलावात ठरलेला भाव हा बिलाचा फक्त पहिला आकडा असतो. त्यावर खरेदीदाराकडून घ्यायचे जादा शुल्क बसते. लंडनच्या ख्रिस्तीज आणि सदबीज या दोन मोठ्या पेढ्यांनी 1975 साली ते सुरू केले, तेव्हा दर 10 टक्के होता. पुढे ही रीत जगभर पसरली. एक हिशेब मांडू. दर पेढीगणिक निराळे असतात, म्हणून हे आकडे केवळ समजुतीसाठी घ्यावेत. बोली 4,000. शुल्क 20 टक्के, म्हणजे 800. त्या शुल्कावर 18 टक्के कर, 144. वस्तूवर 5 टक्के कर, 200. टपाल आणि विमा, 250. बेरीज 5,394. म्हणजे बोलीवर सुमारे 35 टक्के वाढ झाली. आता उलट हिशेब करा. खिशात एकूण 4,000 च असतील तर बोली 2,900 च्या पुढे नेता कामा नये. तेव्हाच बिल 3,980 च्या आत राहते.

या आकारांतून सरकारही सुटत नाही. नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार 29 एप्रिल 2025 रोजी लंडनच्या सदबीजच्या लिलावात महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत घेतली. त्या वेळी जो 47.15 लाख रुपयांचा आकडा जाहीर झाला, त्यात हाताळणी, वाहतूक आणि विमा यांचा खर्च धरलेला होता. सरकारने एकूण रकमेचा हिशेब मांडला, तसाच सामान्य माणसानेही मांडावा.

पण हिशेब मांडायला दर आधी कळले पाहिजेत, आणि इथे प्रश्न न्यायाचा होतो. कामगाराच्या पगारातून मालकाने मनाला येईल तेवढी कपात करावी, असा एक काळ होता. 1936 च्या वेतन कायद्याने कायद्यात बसेल तेवढीच कपात, हे तत्त्व आणले. तेच तत्त्व बिलाच्या वाढीलाही लावले पाहिजे. मोठी नावे आहेत म्हणून हिशेब चोख असेल असे मानू नये. वर सांगितलेल्या दोन्ही पेढ्यांनी कमिशनचे दर आपसांत संगनमताने ठरवल्याचे अमेरिकेत सिद्ध झाले. ग्राहकांना भरपाई म्हणून दोघींनी मिळून 51 कोटी 20 लाख डॉलर देण्याची तडजोड केली, आणि सदबीजचे माजी अध्यक्ष 2002 साली तुरुंगात गेले.

मालाविषयी थोडे. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी, 1674 साली, तांब्याची शिवराई पाडली. परंतु शिवराई पुढे पेशवाईतही मोठ्या संख्येने पाडली जात होती, आणि बाजारात भेटणारी दुदांडी शिवराई बहुधा त्या नंतरच्या काळातली असते. ‘शिवकालीन’ एवढ्या शब्दावर जादा पैसे मोजू नयेत. दशावतारी गंजिफांची पाने 120 असतात, दहा रंग आणि प्रत्येकी बारा पाने. ‘संपूर्ण संच’ लिहिले असेल तर 120 पानांचे चित्र मागावे. शंभर वर्षांवरील वस्तूंना 1972 चा पुरावस्तू कायदा लागतो. त्या विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो, आणि त्या खाजगी रीतीने परदेशी धाडता येत नाहीत.

सर्वांत मोठा घाव मात्र खरेदीदाराला नाही, विकू पाहणाऱ्या गरिबाला बसतो. ‘तुमच्या जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळतील, आधी नोंदणीची फी भरा, मग कर भरा’ असे सांगून पैसे उकळणाऱ्या टोळ्या आहेत. त्या रिझर्व्ह बँकेचे नाव आणि चिन्हही वापरतात. बँकेने 4 ऑगस्ट 2021 रोजी पत्रक काढून बजावले की आम्ही असल्या व्यवहारात पडत नाही, कमिशन घेत नाही, आणि तसा अधिकार कोणाला दिलेलाही नाही. साधी खूणगाठ बांधावी. खरा लिलाववाला आपले कमिशन विक्रीच्या पैशातून कापून घेतो. जो विक्रीआधी फीमागून फी मागतो, तो लिलाववाला नव्हे.

दाद कुठे मागायची? 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विक्रीच्या कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचे. आधीच खूण केलेल्या चौकटीतून घेतलेली संमती त्या नियमांना मान्य नाही. किंमत थेंबथेंबाने उघड करणे आणि न मागितलेली वस्तू बिलात सरकवणे, या क्लृप्त्यांना नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. तेवढ्याने भागले नाही तर 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. त्यासाठी कंपनीच्या गावी, मुंबईला किंवा बंगळूरला, जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. मात्र पुन्हा विकून नफा कमावण्यासाठी घेणाऱ्याला हा कायदा ग्राहक मानत नाही, हे ध्यानात असावे.

शेवटी दोन्ही बाजूंचे कर्तव्य सांगितले पाहिजे. बोली म्हणजे शब्द आहे. जिंकल्यावर मन पालटले म्हणून पैसे बुडवणारा ग्राहक दुसऱ्या एखाद्या घरची मिळकत अडकवून ठेवतो. पण ज्याच्याकडून शब्द पाळण्याची अपेक्षा करायची, त्याला शब्दाची पूर्ण किंमत आधी सांगणे हे लिलाववाल्याचे कर्तव्य आहे. एकट्या ग्राहकाचे पत्र टोपलीत जाते, पण एकाच आकाराविरुद्ध वीस ग्राहकांनी आकडे मांडून सही केलेले पत्र टोपलीत टाकणे जड जाते. नाणी जमवणाऱ्यांनी आपली बिलेही जमवावीत आणि महिन्यातून एकदा एकत्र बसून ती ताडून पाहावीत. संघटनेची सुरुवात आम्ही तरी नेहमी अशा ताडून पाहण्यातूनच होताना पाहिली आहे.