थेंबही हवेत, सुईही हवी
बाळाच्या लसी : लेखांक ६

मागच्या आठवड्यात बीसीजीबद्दल बोललो, या वेळी पोलिओ. नागपुरात हा प्रश्न दोन बाजूंनी येतो. धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यात बाळाला नेणारे आईवडील विचारतात, "सहा रोगांची एकत्र लस घेतली, त्यात पोलिओ आलाच. मग रविवारी बूथवर थेंब कशाला पाजायचे?" महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जाणारी आई विचारते, "थेंब पाजले ना सिस्टर, मग दंडावर ही सुई कशाची?" दोघांनाही उत्तर एकच आहे : दोन्ही हवं. एकाचं काम दुसरं करत नाही.

पोलिओचा विषाणू तोंडावाटे पोटात जातो, आतड्यात वाढतो आणि शौचावाटे बाहेर पडतो. लागण झालेल्या सुमारे २०० जणांपैकी एखाद्याच्याच मज्जारज्जूपर्यंत तो पोहोचतो आणि हातपाय लुळे पडतात. बाकीच्यांना काही कळतही नाही, पण ते विषाणू पसरवत राहतात. इंजेक्शनातली लस मारलेल्या विषाणूची असते. ती रक्तात प्रतिपिंडं तयार करते, त्यामुळे विषाणू नसांपर्यंत जाऊ शकत नाही आणि बाळाचे पाय वाचतात. आतड्यातली प्रतिकारशक्ती मात्र तिच्यामुळे फारशी वाढत नाही. थेंबांत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो आतड्यातच मुक्काम करतो आणि खऱ्या विषाणूला तिथे थारा मिळू देत नाही. थोडक्यात, सुई आपल्या लेकराला सांभाळते आणि थेंब मोहल्ल्यातल्या सगळ्या लेकरांना.

पण सुईची गरज आणखी एका कारणाने वाढली आहे, आणि ते फार थोड्या घरांत माहीत असतं. पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार. त्यातला दुसरा निसर्गातून आधीच नाहीसा झाला, त्याचा शेवटचा रुग्ण १९९९ मध्ये अलीगढला सापडला होता. पुढे असं दिसलं, की जिथे लसीकरण अपुरं असतं तिथे थेंबांतला दुबळा विषाणू मुलांमुलांतून फिरत राहतो आणि पुन्हा बळ धरतो. यात दुसऱ्या प्रकाराचा वाटा सर्वांत मोठा. म्हणून २५ एप्रिल २०१६ रोजी भारतात तिन्ही प्रकारांचे जुने थेंब बंद झाले आणि पहिल्या-तिसऱ्या प्रकाराचे नवे थेंब आले. तेव्हापासून आपल्या थेंबांत दुसऱ्या प्रकाराविरुद्ध काहीच नाही. ते संरक्षण फक्त इंजेक्शनात आहे. २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एका तरुणाला आणि २०२४ मध्ये गाझात एका दहा महिन्यांच्या बाळाला पांगळं केलं, ते याच दुसऱ्या प्रकाराच्या बळ धरलेल्या विषाणूने. दोघांनीही लस घेतलेली नव्हती.

सरकारी वेळापत्रक असं आहे. जन्मल्यावर, शक्यतो दवाखान्यातच, शून्य डोसाचे थेंब. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना थेंब, आणि सोळा ते चोवीस महिन्यांत एक बूस्टर. इंजेक्शन सहा आणि चौदा आठवड्यांना उजव्या दंडावर, आणि जानेवारी २०२३ पासून तिसरं नऊ महिन्यांना डाव्या दंडावर. सहा आठवड्यांच्या भेटीत रोटाची लसही तोंडावाटेच दिली जाते. अनेक आजी तिलाच पोलिओ समजतात, म्हणून कार्डावरची नोंद वाचून घ्या.

पोलिओची ही सरकारी सुई कातडीच्या आत, अगदी वरवर टोचतात आणि औषध असतं ०.१ मिली, म्हणजे पूर्ण डोसाचा पाचवा हिस्सा. "सरकारी डोस अर्धवट" अशी कुजबूज यावरूनच सुरू होते. ती निराधार आहे. कातडीत प्रतिकारशक्तीच्या पेशी दाट असतात, त्यामुळे तिथे थोडं औषधही पुरतं. असे दोन छोटे डोस स्नायूत दिलेल्या एका पूर्ण डोसापेक्षा चांगलं काम करतात, हे तपासून पाहिलेलं आहे. २०१६ मध्ये जगभर या लसीचा तुटवडा होता, त्या वेळी भारताने हा मार्ग धरला आणि तो शहाणपणाचाच होता. खासगीत बालरोगतज्ज्ञ ०.५ मिलीचा पूर्ण डोस स्नायूत देतात, बहुधा सहा रोगांच्या एकत्र लसीतून, पुढे दीड वर्षाला आणि शाळेच्या वयाला आणखी एकेक. परवडत असेल तर अवश्य घ्या, टोचण्या कमी होतात. पण पैसे नाहीत म्हणून आपलं बाळ उघडं राहिलं, असं कोणत्याही आईने मनात आणू नये.

आता नागपूरच्या उन्हाचा मुद्दा. पोलिओचे थेंब ही उष्णतेने सर्वांत लवकर खराब होणारी लस. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा बर्फाच्या डब्यातली कुपी किती थंड राहिली, हे आईला कसं कळणार? त्यासाठी कुपीवरच एक खूण असते : गोल आणि त्याच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. चौकोन गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला असेल तर ती कुपी वापरायची नसते. कुपी दाखवा म्हणायला संकोचू नका. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात बारा लेकरांना थेंबांऐवजी हाताला लावायचं सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, ती सुदैवाने वाचली आणि कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. त्यात लसीचा काही दोष नव्हता, पण बाटली कोणती आहे हे पाहण्याचा हक्क पालकांना का असावा, ते त्या दिवशी समजलं.

थेंबांचा धोका शून्य नाही, हेही लपवू नये. पहिल्या डोसानंतर सुमारे २७ लाखांत एखाद्या बाळाला लसीतल्याच विषाणूने लुळेपण येऊ शकतं. सुई वेळेवर घेतली तर ही शक्यता आणखी घटते. बाळाला किंवा घरातल्या कुणाला प्रतिकारशक्तीचा गंभीर आजार असेल, तर थेंबांआधी डॉक्टरांना सांगा. सर्दी, किरकोळ ताप ही थांबायची कारणं नाहीत. थेंबांनंतर अंगावर पाजायला अर्धा तास थांबायचीही गरज नाही. एखादी तारीख चुकली तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस घेऊन पुढे जायचं.

भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त ठरला. पण २०२४ मध्ये मेघालयात लसीतून उद्भवलेल्या विषाणूचा रुग्ण निघाला आणि पाकिस्तान-अफगाणिस्तानात मूळ विषाणू अजून जिवंत आहे. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही रेल्वेमार्ग नागपुरात येऊन मिळतात. प्रवाशांबरोबर विषाणूही येऊ शकतो, म्हणून पोलिओ मोहिमेच्या दिवशी स्टेशनवर आणि गणेशपेठच्या बसस्थानकावर बूथ लावावे लागतात. पाच वर्षांखालचं प्रत्येक मूल, खासगीत पूर्ण लस झालेलंही, त्या दिवशी बूथवर न्या. डाव्या करंगळीवर शाईची खूण करून घ्या. नंतर आशाताई दारावर आल्या तर "आमचं झालंय" म्हणून दार लावू नका, त्यांना बाळ दाखवा.

पुढच्या लेखांकात गोवर-रुबेला.