चाल कायम, वेग मात्र बदलता

वर्तुळावर एकसारख्या चालीने फिरणाऱ्या वस्तूला त्वरण नसते, हा समज विज्ञान शिकलेल्यांतही आढळतो आणि रोजच्या बोलण्यात ‘वेग’ हा शब्द सैलपणे वापरला जातो, हे त्याचे मूळ आहे. वस्तू किती झपाट्याने जाते एवढेच सांगणारी राशी म्हणजे चाल. तिला दिशेची जोड मिळाली की तो वेग होतो, आणि वेग ज्या दराने बदलतो तो दर म्हणजे त्वरण. चाल तसूभरही बदलली नाही तरी दिशा क्षणोक्षणी वळत असल्याने त्वरणाविना वर्तुळाकार गती संभवतच नाही.

हे त्वरण केंद्राकडे रोखलेले, म्हणजे अभिकेंद्री असते, तर वेग वर्तुळाला त्या बिंदूपाशी स्पर्श करणाऱ्या रेषेच्या, म्हणजे स्पर्शिकेच्या दिशेने असतो. दोन्ही परस्परांशी काटकोनात असल्यामुळे त्वरण चाल वाढवत नाही की घटवत नाही, ते सारे दिशा वळवण्यातच खर्ची पडते. चालीच्या वर्गाला त्रिज्येने भागले की त्याचे मान मिळते. गोफणीतला दगड 1 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात सेकंदाला 10 मीटर चालीने फिरत असेल, तर त्वरण 100 मीटर प्रति वर्ग सेकंद, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सुमारे दहापट भरते, आणि याच त्वरणाला सर्रास शून्य मानले जाते.

गोफणीची दोरी सुटताच दगड केंद्रापासून सरळ बाहेर फेकला जातो, असेही मानले जाते. वास्तविक दोरीचा ताण नाहीसा होताच दगडाला वळवणारे काहीच उरत नाही आणि तो त्या क्षणीच्या स्पर्शिकेने निघून जातो. म्हणूनच डोक्यावर आडवी गोफण फिरवणारा राखणदार समोरच्या थव्यावर नेम धरताना दगड समोर येण्याची वाट पाहत नाही, तो बाजूला असतानाच दोरी सोडतो. हाताला जाणवणारी बाहेरची ओढ दोरीने हातावर लावलेली असते, दगडावर नव्हे.

त्वरण केंद्राकडे असूनही वस्तू केंद्रात का पोहोचत नाही, या शंकेचे उत्तर चंद्र देतो. जवळजवळ वर्तुळाकार कक्षेत तो सेकंदाला सुमारे 1 किलोमीटर पुढे जातो आणि तेवढ्याच अवधीत स्पर्शिकेपासून पृथ्वीकडे दीड मिलिमीटरहूनही कमी ढळतो. तो पडतच असतो, परंतु दर क्षणी त्याची स्पर्शिका नवी असते. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते आणि चंद्राचे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे 60 पट असल्याने त्याचे हे त्वरण जमिनीवरील 9.8 च्या सुमारे 3600 व्या भागाइतके, म्हणजे 0.0027 मीटर प्रति वर्ग सेकंद येते, आणि याच मेळावरून न्यूटनने 1687 च्या ‘प्रिन्सिपिया’त चंद्राला वळवणारे बल व दगडाला खाली आणणारे बल एकच असल्याचे दाखवले.